निम्मं पिवळं

“अरे ए ऑर्टविन, तीन दिवस झाले बघतेय. ते झाड काय पळून जाणारे का?”

गेर्लिंडे कुंपणापलीकडून ओरडली. एका हातात सशांसाठी खुडलेला पाला, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. एल्मरोड गावात सकाळपासून पाऊस पडत होता. छत्री उघडावी की मिटावी हे कळू नये, असा. रस्त्याच्या वळणावरच्या चेस्टनटखाली ऑर्टविन क्राने मान वर करून उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

“बोलू नकोस जरा. एकशे बारा... एकशे तेरा...”

“पानं मोजतोयस?”

“गेला ना आकडा!” तो वैतागून खाली बघत म्हणाला. “एकाच फांदीची मोजतोय. निम्मी पानं रंगली की ती तारीख कळवायची असते. बारा सप्टेंबरलाच झाली निम्मी. मी कळवूनही टाकलं. आता नुसती खात्री करतोय.”

गेर्लिंडे फाटक उघडून बाहेर आली. खाली पडलेलं एक पान तिनं उचललं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. पानाच्या शिरांमध्ये लांबट तपकिरी डाग होते, भाजल्यासारखे.

“हा रंग वाटला तुला? कीड आहे ही. दरवर्षी लागते चेस्टनटला. हे पान रंगलेलं नाही, मेलेलं आहे. कळवलं म्हणे! रोझविटाला एकदा विचारलं असतंस तर...”

ती थांबली. पाला या हातातून त्या हातात घेतला.

“जा घरी,” मग ती हळू आवाजात म्हणाली. “केक आणून देते थोड्या वेळानं. प्लमचा केलाय.”

रोझविटा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेली होती. घेवड्याच्या वेलांपाशी टोपली घेऊन वाकली होती, ती तिथंच बसली. ऑर्टविनला खिडकीतून वाटलं, दमली असेल. तो कॉफी ओतून घेऊन बाहेर गेला, तोवर सगळं संपलं होतं. मूलबाळ नव्हतं. शेहेचाळीस वर्षांचा संसार आणि त्यात दोन माणसं.

नंतर पत्रं लिहायची होती. पेन्शनवाल्यांना, विम्यावाल्यांना, दवाखान्याला, टेलिफोनला, वाचनालयाला, चर्चच्या गायनवृंदाला. ‘माझी पत्नी रोझविटा क्राने हिचे अमुक तारखेला निधन झाले, आपण नोंद घ्यावी.’ अशी अकरा पत्रं त्यानं एकाच बैठकीत, एकाच अक्षरात लिहिली. सदतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये नोंदवह्या भरलेला माणूस तो. नेमकं लिहायचं आणि पुढं जायचं, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला रोझविटाच्या नावानं हवामान खात्याचं पाकीट आलं. ‘प्रिय फ्राऊ क्राने, शरद ऋतूच्या नोंदींसाठी कार्डे सोबत पाठवीत आहोत. नेहमीप्रमाणे आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ हे बारावं पत्र लिहायचं राहून गेलं होतं. तो टेबलाशी बसला, कागद घेतला, तारीख घातली. ‘माझी पत्नी’ इथवर लिहिलं. पुढं पेन सरकेना. संध्याकाळपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्यानं तो कागद चुलीत घातला आणि रोझविटाची वही काढली.

गेली तेहतीस वर्षं ती हे काम करायची, हौसेखातर. बर्फफुलं कधी उमलली, सफरचंदाला मोहोर कधी आला, शेतातल्या राय धान्याला कणीस कधी धरलं. शरदात झाडांची पानं रंगली कधी आणि गळाली कधी. दरवर्षी तीच झाडं बघायची. निम्मी पानं रंगली त्या दिवसाची तारीख कार्डावर लिहायची आणि टपालात टाकायची. वहीत नुसती झाडांची नावं, जागा आणि तारखा. ‘भूर्ज, नाल्यावरचं. मॅपल, शाळेमागे. ओक, दफनभूमीचा दरवाजा. लार्च, वरचा उतार.’ चेस्टनटसमोर कंसात लिहिलं होतं, ‘कीड मोजायची नाही.’ हे त्यानं गेर्लिंडेनं झापल्यावर, घरी जाऊन वाचलं.

त्याच दुपारी त्यानं दुरुस्तीचं कार्ड पाठवलं. ‘चेस्टनट : आधीची तारीख रद्द. चूक झाली.’ खाली नाव घातलं, रोझविटा क्राने.

मग तो रोज बाहेर पडू लागला. सकाळी एकदा, दुपारी एकदा. रबरी बूट, रेल्वेचा जुना रेनकोट, छातीच्या खिशात वही. त्या वर्षी ऑक्टोबर असा लागला की सूर्य म्हणून काही असतो याचा लोकांना विसर पडावा. डोंगरावरून ढग उतरायचे आणि छपरांवर बसून राहायचे. दुकानात बायका एकमेकींना म्हणायच्या, “यंदा शरद आलाच नाही बाई, सरळ नोव्हेंबर आला.” ऑर्टविनलाही आधी तसंच वाटायचं. पावसात काय रंग दिसणार?

नाल्यावरच्या भूर्जानं त्याला पहिल्यांदा अडवलं. केबिनमध्ये त्यानं जन्मभर रंगच पाहिले होते. लाल म्हणजे थांब. हिरवा म्हणजे जा. पिवळा म्हणजे सावकाश, पुढं काहीतरी आहे. दिवा लागलेला असतो किंवा नसतो; निम्मा पिवळा दिवा कुणी पाहिलाय? आणि इथं हे झाड. आठ वाजता पावसात उभं असताना पिवळं वाटायचं, इतकं पिवळं की खोडाभोवतीची हवाही त्याच रंगाची व्हावी. पाऊस थांबला, ढग थोडे विरळ झाले की तेच झाड हिरवट दिसायचं. परत सर आली की परत पिवळं. त्याला आधी वाटलं, डोळे गेले आपले. मग त्यानं घड्याळ लावून बघायला सुरुवात केली. दर पाऊण तासानं एक नोंद. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की खोड भिजून काळं झालं की पानांचा रंग पुढं येतो. उन्हात त्या पानांकडे बघताना डोळे मिटावे लागतात. पावसात ती आपण होऊन उजळतात, आतून कुणीतरी वात मोठी केल्यासारखी.

हे कळलं मात्र, तो वळला आणि घराकडे भराभर निघाला. फाटकापर्यंत आला, बूट काढायला वाकला आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण सांगायला निघालो आहोत.

तो पायरीवर बसला. बराच वेळ. रेनकोटावरून पाणी निथळत होतं.

रोझविटा अशीच यायची. तेहतीस शरद. केस ओले, चष्म्यावर थेंब, स्वयंपाकघरात दाराशीच उभी राहून बोलायला लागायची. “अरे, आज ते मॅपल बघायला हवं होतंस तू...” आणि ऑर्टविन पेपर वाचत असायचा, नाहीतर रात्रपाळी करून आलेला असायचा, नाहीतर उगाच काही नसताना म्हणायचा, “फरशी ओली होतेय.” ती हसून टॉवेल घ्यायची. बोलत राहायची. ती काय बोलायची?

शाळेमागचं मॅपल एका आठवड्यात पेटलं. एकाच झाडावर लाल, नारिंगी, फिकट पिवळा आणि आतल्या बाजूला अजून हिरवा. खाली डबक्यात तेच सगळं उलटं. दफनभूमीच्या दारचा ओक मात्र हटून बसला होता. ऑर्टविन तिथं रोज थांबायचा, ओक बघायचा, मग आत जाऊन रोझविटाच्या मातीवरची ओली पानं वेचायचा. एकदा गेर्लिंडे तिथं भेटली.

“उचलू नकोस रे,” ती म्हणाली. “राहू देत. तिला आवडायची.”

“तुला काय सांगायची ती? झाडांबद्दल?”

“मला कशाला सांगेल? मी म्हणायचे, बाई, माझे ससे उपाशी आहेत, तुझी पानं तू बघ.” गेर्लिंडेनं नाक पुसलं. “तुलाच सांगायची ना सगळं. आम्हाला म्हणायची, घरी जाऊन ऑर्टविनला सांगते.”

त्यानं हातातली पानं परत मातीवर ठेवली.

“हवामानवाल्यांना कळवलंस का रे?”

“कळवीन.”

“ऑर्टविन.”

“कळवीन म्हटलं ना.”

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, दारावरची घंटा वाजली. बाहेर पस्तिशीची एक बाई उभी होती. खांद्याला चामडी पिशवी, बुटांना घोट्यापर्यंत चिखल.

“नमस्कार. मी योस्ट, हवामान खात्यातून आले. फ्राऊ क्राने आहेत का? फोन लागला नाही, म्हणून म्हटलं वाटेत आहे तर भेटूनच जावं.”

“आत या,” ऑर्टविन म्हणाला.

त्यानं कॉफी केली. गेर्लिंडेच्या केकचा तुकडा बशीत घातला. साखर शोधायला जरुरीपेक्षा जास्त वेळ लावला.

“घरात नाही ती,” पाठमोराच तो म्हणाला.

“हरकत नाही, थांबते मी. खरं सांगू का हेर्र क्राने, मला काळजीच वाटत होती.” फ्राऊ योस्टनं पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. “बारा सप्टेंबरला चेस्टनट! अशी चूक त्या करणं शक्यच नाही. मग दुरुस्ती आली. अक्षरही वेगळं. आमच्या ऑफिसात म्हणाले, हाताला काहीतरी झालं असेल, दुसऱ्या हातानं लिहीत असतील. आणि मग हे यायला लागलं. वाचू?”

तिनं चष्मा लावला. “‘भूर्ज. तीन ऑक्टोबर. ७.५५ : पाऊस, निम्मं पिवळं. ८.४० : पाऊस थांबला, निम्म्याहून कमी. ९.२५ : पाऊस, परत निम्मं. झाडात बदल नाही, बदल उजेडात. निर्णय उद्यावर.’” ती हसली. “मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं हे. एरवी फ्राऊ क्राने शेऱ्याच्या रकान्यात काही लिहीतच नाहीत. मी मुद्दाम काढून पाहिलं. तेहतीस वर्षांत दोनदा. एकदा ‘गारपीट’ आणि एकदा ‘मॅपल वादळात पडलं, शेजारचं घेतलं’. बस्स.”

“दोनदाच?”

“दोनदाच. मला नेहमी वाटायचं, एवढं बघणाऱ्या बाईला त्यापलीकडे काही म्हणायचंच नसेल का?”

ऑर्टविननं साखरेचं भांडं टेबलावर ठेवलं. तिच्या समोर बसला. हात टेबलावर, एकावर एक.

“म्हणायची,” तो म्हणाला. “इथं म्हणायची. त्या दारात उभी राहून. मला. दरवर्षी, रोज. आणि बाई, मला त्यातलं काही आठवत नाही. एक शब्द नाही. आवाज आठवतो. ती बोलतेय हे आठवतं. काय बोलतेय, ते नाही.”

फ्राऊ योस्टच्या हातातली कार्डं खाली आली.

“ती गेली,” ऑर्टविन म्हणाला. “अकरा ऑगस्टला. ती कार्डं मी लिहिली. नाव तिचं घातलं. चुकलं माझं. अकरा जणांना कळवलं होतं हो मी. तुम्हाला कळवायला नाही जमलं.”

खिडकीवर पाऊस वाजत होता. फ्राऊ योस्टनं चष्मा काढला, पुसला, परत लावलाच नाही.

“मी त्यांना कधी भेटले नव्हते,” ती म्हणाली. “फक्त अक्षर ओळखत होते.” मग तिनं पिशवीतून एक मोठा घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला. “हे त्यांच्यासाठी आणलं होतं. त्यांचा भूर्ज.”

कागदावर ठिपके होते, डावीकडून उजवीकडे. एक ठिपका म्हणजे एक शरद, निम्मी पानं रंगल्याची तारीख. काही वर, काही खाली, आणि हळूहळू सगळे एका बाजूला कललेले. ऑर्टविननं बोट ठेवत मोजले. तेहतीस. त्याला वाटलं, यातला प्रत्येक ठिपका ओले केस घेऊन या दारात उभा राहिला होता.

“यंदाचा कुठाय?”

“तो अजून टाकला नाही. तेच विचारायचंय आता तुम्हाला. नोंदी चांगल्या आहेत तुमच्या. चेस्टनट सोडला तर फारच चांगल्या. पण त्या फ्राऊ क्रानेंच्या नावावर मला ठेवता येणार नाहीत.”

“राहिल्या तर कुणाचं काय बिघडतं?”

“त्यांनी पाहिलेलं नाही ना ते, हेर्र क्राने.” ती अगदी हळू म्हणाली.

ऑर्टविन उठला. चुलीत एक लाकूड घातलं, उगाच राख हलवली. केबिनमध्ये एक नियम होता, भिंतीवर लिहिलेला नव्हता तरी सगळे पाळायचे. पाळी बदलली की जाणाऱ्यानं रेघ मारायची, वेळ घालायची, सही करायची. येणाऱ्यानं रेघेखाली आपली सही करायची. दुसऱ्याच्या पाळीत आपण पाहिलेली गाडी घुसवायची नाही आणि आपण पाहिलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर टाकायची नाही. सदतीस वर्षांत त्यानं एकदाही तसं केलं नव्हतं.

“कागद आहे का काही?” त्यानं विचारलं.

दोन कागद होते. एका कागदावर वर छापलं होतं, ‘निरीक्षण समाप्ती’. नाव, गाव, पहिल्या नोंदीची तारीख, शेवटच्या नोंदीची तारीख, कारण. शेवटची नोंद त्यानं वहीत शोधली. आठ ऑगस्ट, ‘रोवनची फळं लाल.’ म्हणजे जायच्या तीन दिवस आधी ती पावसाळी बूट घालून वरच्या उतारापर्यंत चढून गेली होती. त्याला माहीतही नव्हतं. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं आणि या वेळी पेन सरकलं. दुसऱ्या कागदावर त्यानं स्वतःचं नाव घातलं.

जाताना फ्राऊ योस्ट दारात थांबली.

“शेरे लिहीत जा,” ती म्हणाली. “नियमात बसत नाहीत, पण लिहीत जा. आम्ही वाचतो.”

“मला तसं सुंदर काही लिहिता येत नाही.”

“तेच बरं,” ती म्हणाली आणि हूड ओढून पावसात निघून गेली.

नोव्हेंबर लागला. मॅपल रिकामं झालं. ओकानं एकदाचं मनावर घेतलं आणि तपकिरी झाला, जुन्या चामडी खोगिरासारखा. राहिला होता तो वरचा उतार. लार्चचं झाड दिसायला पाइनसारखं, पण शरदात त्याच्या सुया सोन्यासारख्या होतात आणि सगळ्या गळून जातात. ऑर्टविन तिथं दुपारी चढून जायचा. वाट निसरडी होती. गुडघा कुरकुरायचा. चार दिवस नुसतं धुकं मिळालं. पाचव्या दिवशी तो वर पोचला, तेव्हाही पाऊस पडत होता, पण ढगांचा खालचा थर दरीत सरकला होता आणि समोरचा अख्खा उतार मोकळा झाला होता.

शेकडो लार्च. करडं आभाळ, काळी खोडं आणि त्यांच्यामध्ये हा रंग. भूर्जाचा पिवळा नव्हे, मॅपलचाही नाही. मधाचा म्हणावा तर त्याहून कोरडा, उन्हातल्या गवताचा म्हणावा तर त्याहून ओला. पाऊस सुया गाळत होता, आणि त्या पडताना आवाज येत नव्हता. हवेतच तिरपी सोनेरी रेघ उमटायची आणि पुसली जायची. तो बघत राहिला. पाणी मानेवरून आत शिरत होतं. किती पिवळं, निम्मं की जास्त, हे बघायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

खालच्या वाटेनं दोन माणसं चढून आली. शहरातली असावीत, महागडे बूट, चकचकीत रेनकोट. पुढं पुरुष, हातात फोन, मागं बाई. दोघांनीही हूड डोळ्यांपर्यंत ओढलेले, माना खाली.

“या वाटेनं बसस्टॉपला जाता येतं ना?” पुरुषानं विचारलं.

“येतं. मैलाच्या दगडापाशी डावीकडे.”

“चल गं, तीन-वीसची गाठायचीय.”

बाई मात्र ऑर्टविनकडे बघत होती. हा म्हातारा पावसात कशाकडे तोंड करून उभा आहे, हे बघायला तिनं मान वळवली. हूड मागं सारला.

“अगं बाई,” ती म्हणाली.

“मिरियम, बस जाईल.”

“अरे, इकडे बघ तरी.”

“बघितलं. छान आहे. चल आता.” तो चार पावलं पुढं गेलासुद्धा.

“पुढची बस चार-वीसला आहे,” ऑर्टविन म्हणाला.

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की तो माणूस थबकला. केबिनमधून प्लॅटफॉर्मवर ओरडून सांगायची सवय असलेला, हुकमी आवाज. ऑर्टविनला स्वतःचंच नवल वाटलं.

“तासभर इथं पावसात उभं राहायचं?” माणूस म्हणाला.

“नका राहू. दहा मिनिटं राहा. ती काय म्हणते ते ऐका. मग जा.”

माणसानं एकदा त्याच्याकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. खांदे उडवले. पण परत आला. फोन खिशात टाकला. बाई त्याच्या बाहीला धरून काहीतरी सांगू लागली, हळू आवाजात, बोटानं दाखवत; ते बघ, तिथं खाली, धुकं शिरतंय ना, तिथला रंग बघ. माणूस म्हणाला, “कुठं?” मग म्हणाला, “हां. हां, दिसला.”

ऑर्टविन दहा पावलं बाजूला सरकला. त्यांचे शब्द आता ऐकू येत नव्हते, नुसता बोलण्याचा आवाज येत होता, बाईचा जास्त, पुरुषाचा मधूनमधून. तो समोर बघत राहिला.

दहाची वीस मिनिटं झाली. जाताना दोघांनी हात हलवला. त्यांचे रेनकोट, एक निळा, एक लाल, वळणावर खोडांमधून दिसत राहिले आणि मग दिसेनासे झाले. दरीत अंधारायला लागलं होतं. आधी ओक गेले, मग छपरं, मग चर्चचा मनोरा. उतार मात्र अजून पिवळा होता. ऑर्टविननं हूड मागं टाकला आणि भिजलेल्या डोक्यानं, तो रंग पुरता मावळेपर्यंत तिथंच उभा राहिला.